दुर्मिळ जंतू सापडू न देण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका भडगाव, कजगाव, पाचोरा, पारोळा या पट्ट्यात लॅबमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या मुलामुलींसाठी आहे. डीएमएलटीचं सर्टिफिकेट भिंतीवर लागलंय, मायक्रोस्कोपवरचं प्लॅस्टिक निघालंय, आणि मनात एक खुळं स्वप्न आहे, की एखाद्या दिवशी प्लेटवर असा काही जंतू उगवेल की जळगावच्या मेडिकल कॉलेजातले सर स्वतः फोन करून विचारतील. हे स्वप्न वेळीच आवरा. दुर्मिळ जंतूमागे कामं फार लागतात. चार ठिकाणी फोन, दोनदा परत कल्चर, डॉक्टरांची नाराजी, आणि काउंटरवर पेशंटचा भाऊ सकाळपासून उभा : "रिपोर्ट कव्हय भेटी?"

आपल्या भागात तर धोका जास्तच. घरोघरी गुरं, शेळ्या, धारोष्ण दुधाची आवड. गिरणेच्या पाटाचं आवर्तन सुटलं की केळीच्या बागेत पोटरीभर चिखल. पावसाळ्यात काळ्या रानात अनवाणी निंदणी, आणि निंदणाऱ्याला साखर. जंतूंना आणखी काय पाहिजे? पण घाबरू नका. थोडी शिस्त पाळली तर अख्खी नोकरी ई. कोलाय, क्लेबसिएला, स्टॅफिलोकोकस आणि स्यूडोमोनास या चौघांत निभावता येते. अनेकांनी निभावली आहे.

सुरुवात सॅम्पलपासून

निम्मं काम तुम्ही हात लावायच्या आधीच झालेलं असतं. पेशंट येतो तेव्हा त्याचं एक सलाईन, दोन इंजेक्शनं आणि मेडिकलवाल्याने सुट्ट्या दिलेल्या गोळ्या पोटात गेलेल्या असतात. कल्चर हे सगळे उपाय थकल्यावर करायचं असतं असा आपल्याकडे समज आहे. तो दूर करायच्या फंदात पडू नका. अँटिबायोटिकच्या तिसऱ्या दिवशी घेतलेल्या कल्चरमध्ये सहसा काहीच उगवत नाही, आणि 'नो ग्रोथ' हा टाइप करायला सगळ्यात सोपा रिपोर्ट आहे.

ब्लड कल्चरच्या बाटलीला मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त लागतं. कारण जंतू रक्तात पोहत असले तरी गर्दी करून नसतात. पुष्कळदा मिलीमागे एखादाच असतो, कधी तोही नसतो. हे बाटलीवर लिहिलेलं असतं, ते वाचू नका. "येवढं रगत?" असं म्हातारीने विचारलं की लगेच ओशाळून 2 मिलीवर थांबा. जंतू उरलेल्या 8 मिलीत राहिला म्हणजे तुम्ही सुटलात.

बेडका मागितला की थुंकी येते. लो पॉवरखाली एका फील्डमध्ये गालाच्या आतल्या चपट्या पेशी दहाच्या वर दिसल्या तर तो नमुना परत करून नवा मागायचा असतो. मागू नका. तोंडातले जंतू लावा, ते भरभरून उगवतात, आणि फुप्फुसातला जो असेल तो त्या गर्दीत दिसत नाही. लघवीचं म्हणाल तर ती उन्हात दोन-तीन तास ठेवली की तिच्यात सगळंच लाखाच्या वर जातं, अधिक बोलायला नको.

एक मात्र लक्षात ठेवा. जळगावला पाठवायचं असेल तर सगळी सॅम्पलं सरसकट बर्फात ठेवून एसटीत द्या. लघवीला थंडावा चालतो. पण मेंदूज्वराच्या पेशंटच्या पाठीतून काढलेलं पाणी आणि ब्लड कल्चरची बाटली या दोन गोष्टी कधीही गार करायच्या नसतात, कारण मेनिंजायटिसचा जंतू थंडीने मरतो. तो मेला की पुढचं टळलं.

विडालचं संरक्षण

ताप असला की विडाल. फर्नांड विडालने ही तपासणी 1896 मध्ये दिली तेव्हा तिचा उपयोग विषमज्वर ओळखायला होता. आता तिचा उपयोग इतर कुठलाही ताप ओळखला जाऊ नये यासाठी होतो. एकदाच रक्त घेऊन केलेल्या विडालचा आकडा फारसं काही सांगत नाही. लस घेतलेल्याला, पूर्वी ताप येऊन गेलेल्याला, कधी भलत्याच जंतूच्या तापातही थोडंफार पॉझिटिव्ह येतं. आमच्या तालुक्यात टायफॉईड जंतूमुळे होतो की किटमुळे, हा प्रश्न मी एकदा जाहीरपणे विचारणार होतो, पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसलो.

या विडालच्या आडोशाला कोण सुरक्षित राहतं ते बघा. एक मेंढपाळ येतो. महिनाभर ताप, संध्याकाळी चढतो, पहाटे घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरलीय, सांधे ठणकतात. कळपातल्या दोन शेळ्या गाभडल्या आणि त्यांचं वार त्यानेच हाताने काढलं. हे त्याला विचारलं तरच तो सांगेल. म्हणून विचारू नये. फॉर्मवर 'ताप' एवढंच लिहावं.

या तापाच्या जंतूचं नाव ब्रुसेला. डेव्हिड ब्रुस नावाच्या लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये माल्टात तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो वाढवला. हा ताप शेळीच्या कच्च्या दुधातून येतो हे 1905 मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लिस झामिट यांनी दाखवलं. तोवर सगळे हवा, पाणी आणि गटारं तपासत होते, शेळी समोर उभी होती. आपल्या सरकारनेही सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या-खुरकतबरोबर या रोगाच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना लस टोचतात. म्हणजे जनावरांच्या दवाखान्याला जे माहीत आहे ते माणसांच्या लॅबला माहीत नसलं तरी चालतं, ही सोय आहे.

ब्रुसेलाला हुलकावणी देणं फार सोपं. तो हळू वाढतो. पहिल्या 24 तासांत प्लेटवर काही दिसत नाही. 48 तासांनी टाचणीच्या टोकाएवढे, धुळीसारखे ठिपके येतात. मॅकॉन्कीवर तर सहसा तो येतच नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याची आपली जी पद्धत आहे, तीच कायम ठेवा. एवढं करूनही तो राहिलाच, तर ग्रॅम स्टेनमध्ये इतका बारीक आणि फिकट गुलाबी दिसतो की रंगाचा गाळ म्हणून सोडता येतो. युरिएज लावू नका. तो काही मिनिटांत गुलाबी होतो आणि मग शंका घ्यावीच लागते. रोज बंगाल टेस्ट तर मुळीच मागवू नका. ती स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, आणि मेंढपाळाच्या महिनाभराच्या घामाचं कारण समोर ठेवते.

इथे थट्टा क्षणभर बाजूला. ब्रुसेला हा लॅबमध्येच काम करणाऱ्यांना सगळ्यात जास्त लागणारा जंतू म्हणून कुप्रसिद्ध आहे. प्लेटचं झाकण काढून नाकाजवळ नेण्याची सवय तुम्हाला कुणा सीनियरने शिकवली असेल. स्यूडोमोनासला द्राक्षांचा वास येतो, अमक्याला ओल्या मातीचा येतो, वगैरे. ती आजच सोडा. जे हळू वाढतंय आणि ओळखू येत नाही, ते उघड्या टेबलावर हलवायचं नाही, त्याचं जाड पाणी करून घुसळायचं नाही. सेफ्टी कॅबिनेट नसेल तर प्लेट टेप लावून बंद करायची आणि मोठ्या लॅबला कळवायचं. बास.

इन्क्युबेटर

जंतू 35 ते 37 अंशांवर वाढवतात. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. गार करणं त्याच्या कुळात नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसचं ऊन, आत पत्र्याचं छत, लाईट गेलेली. खोलीच बेचाळीसवर गेली तर इन्क्युबेटर सदतीसचा कसा राहील? बाहेरच्या डायलवर 37 चा काटा आहे, तो बघून समाधानी राहावं. आत थर्मामीटर ठेवू नये. नाजूक मंडळी त्या उन्हाळ्यात आपोआप गळतात.

ग्रॅमचा रंग आणि एक उपयोगी शब्द

हान्स क्रिश्चियन ग्रॅमने 1884 मध्ये ही रीत छापली तेव्हा तिच्यात उणिवा आहेत हे स्वतःच कबूल केलं होतं. आपण तेवढे भिडस्त नाही. आपण जांभळा, आयोडीन, स्पिरिट, लाल असं हात उंचावून ओततो आणि स्पिरिट किती वेळ ते मोबाईल वाजेपर्यंत. जास्त धुतलं की जांभळे लाल होतात, कमी धुतलं की लाल जांभळे राहतात. असिनेटोबॅक्टर तर नीट धुतलं तरी जांभळा रंग धरून बसतो आणि गोलगोल जोड्यांत उभा राहून स्टॅफिलोकोकस असल्याची बतावणी करतो. त्याच्या बतावणीवर विश्वास ठेवला की रिपोर्ट पाच मिनिटांत तयार.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द : कंटॅमिनेशन. तो खोटा नाही. सुई टोचताना कातडीवरचे जंतू बाटलीत जातात, हे रोजचं आहे. आणि कंटॅमिनेशनने माणसं मेलीही आहेत. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस काढली, 1897 च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. दोष हाफकिन यांच्या माथी आला, नोकरी गेली. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता, हे मान्य होऊन त्यांचं नाव स्वच्छ व्हायला 1907 उजाडलं. तेव्हा शब्दाला वजन आहे. म्हणूनच तो असा ढिगाने वापरता येतो.

उदाहरणार्थ, गरोदर बाईच्या ब्लड कल्चरमध्ये बारीक जांभळ्या काड्या दिसल्या. कातडीवरचे डिफ्थेरॉइड असेच दिसतात. 'कंटॅमिनेशन' लिहून मोकळं व्हा. ती लिस्टेरिया असू शकते, जी पोटातलं मूल घालवते. लिस्टेरिया ओळखायची तर प्लेटवर कॉलनीभोवती रक्त विरघळल्याचं अरुंद वलय बघावं लागतं, आणि खोलीच्या तापमानाला वाढवलेला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवून त्या काड्या कोलांट्या मारत जातात का ते बघावं लागतं. दोन्हीला फुरसत लागते. शिवाय आपल्या ब्लड अगारमध्ये पुष्कळदा मेंढीच्या रक्ताऐवजी ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त असतं, त्यामुळे वलयावर भरवसा नाहीच. मेंढ्या दारावरून जातात, रक्त मात्र ब्लड बँकेतून येतं, याचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

रंगूनचा पाहुणा

या धड्यावर जरा थांबू, कारण इथे चुकायला वाव भरपूर आहे.

पन्नाशीचा शेतकरी, साखर तीनशेच्या वर, पाऊसभर शेतात. ताप, खोकला, फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. एक्स-रे बघून टीबी म्हणतात, बेडक्यात टीबीचा जंतू नाही तरी टीबीच्याच गोळ्या चालू. महिने जातात. मग यकृतात नाहीतर प्लीहेत गळू निघतं, पू तुमच्याकडे येतो. प्लेटवर दुसऱ्या दिवशी साधीसुधी गुळगुळीत कॉलनी. ग्रॅम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. तुमच्या बोटांना सवयीने कळतं : स्यूडोमोनास. टाइप करा.

चार दिवस प्लेट ठेवली असती तर तीच कॉलनी कोरडी होऊन सुरकुतली असती. रंगवलेल्या स्लाईडमध्ये जंतूची दोन टोकं गडद आणि मधला भाग रिकामा दिसला असता. हा बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय. 1911 मध्ये रंगूनच्या इस्पितळात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो शोधला. मॉर्फिनची सुई टोचून घेणाऱ्या, रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची शवं फाडताना त्यांना गळवं दिसली. घोड्यांच्या शेंबा रोगासारखं वाटलं, पण हा वेगळाच जंतू आहे हे त्यांनी वाढवून दाखवलं आणि पुढच्या वर्षी दोघांच्या नावाने छापलं. नंतर रोगाला नाव पडलं 'व्हिटमोरचा रोग'. कृष्णस्वामी गळाले. सहायकांनी हे मनाला लावून घेऊ नये, पण माहीत असू द्यावं.

आपल्या देशातली पहिली नोंद 1991 ची, मुंबईची. पुढे उडुपी-मणिपाल, वेल्लोर इथून नोंदींवर नोंदी आल्या. तिकडची माती जास्त विषारी आहे म्हणूनच नव्हे; तिथल्या लॅब प्लेट चौथ्या दिवसापर्यंत ठेवतात म्हणूनही. खान्देशच्या काळ्या मातीत तो नाही, असं कुणी शोधून सांगितलेलं नाही. आपण शोधत नसल्यामुळे तो आपल्याकडे अतिदुर्मिळ आहे, आणि हा दर्जा टिकवायची जबाबदारी तुमची आहे.

त्याला चुकवायचं असेल तर एक तिहेरी डिस्क कधीही एकत्र लावू नका : जेंटामायसिन, कोलिस्टिन, को-अमॉक्सिक्लॅव्ह. पहिल्या दोघांना न जुमानणारा आणि तिसऱ्याला दबणारा ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह दिसला की बर्कहोल्डेरिया स्यूडोमलायचा संशय घ्यायचा, हे कुठल्याही तालुक्याच्या लॅबला परवडणारं गणित आहे. यंत्र लागत नाही. आणि एकदा संशय आला की पेशंटचं औषध बदलतं : शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, किमान दहा-चौदा दिवस, मग को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या तीन महिने. हे सगळं टाळायचं तर तीनपैकी एक डिस्क संपलेली ठेवा.

यंत्राबद्दल

मोठ्या लॅबमध्ये ओळखीची यंत्रं आली आहेत. काही जंतूला निरनिराळी रसायनं देऊन बघतात, काही लेसरने त्याच्या प्रथिनांचा ठसा घेतात. यंत्र वधूवर सूचक मंडळासारखं असतं : वहीत नाव नोंदवलेल्यांतलंच स्थळ सुचवतं, आणि कुणीच जुळत नसेल तर त्यातल्या त्यात जवळचं. म्हणून ब्रुसेलाला यंत्राने मोरॅक्झेला म्हटल्याची, स्यूडोमलायला सेपेशिया म्हटल्याची उदाहरणं जगभर आहेत. नवशिक्याने करायचं एवढंच, की स्क्रीनवरचा टक्का बघून मान डोलवायची. जंतू तीन दिवसांनी का उगवला, पेशंट काय काम करतो, ग्रॅममध्ये जे दिसलं ते या नावाशी जुळतं का, असले प्रश्न यंत्राला विचारता येत नाहीत, म्हणून कुणालाच विचारू नयेत.

सुरत, 1994

असला निष्काळजीपणा इतका काळ चालतो, मग एखाद्या वर्षी अंगाशी येतो. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा ताप आला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. सुरतेत आपली किती माणसं यंत्रमागावर आहेत हे सांगायला नको. उधना-लिंबायतमध्ये मराठी ऐकत चालता येतं. गाड्या भरभरून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे आल्या. टेट्रासायक्लीन दुकानांतून नाहीसं झालं. आणि प्रश्न उरला तो लॅबचा : हा प्लेगच आहे का? देशात जवळजवळ तीन दशकं माणसातला प्लेग सापडलेला नव्हता, म्हणजे तो जंतू डोळ्यांनी पाहिलेली माणसं निवृत्त झालेली. दोन टोकं गडद दिसली की प्लेग म्हणायचं, तर वर सांगितलेला रंगूनचा पाहुणाही तसाच दिसतो. काहींनी सुरतेचा ताप तोच असावा असंही म्हटलं. प्लेगचा जंतू 28 अंशांना खुशीत आणि 37 ला कुरकुरत वाढतो, हे आठवणारेही थोडे. शेवटी डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो प्लेगच होता असं सांगितलं, पण तोवर विमानं रद्द झाली होती, माल अडला होता, आणि वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

28 अंश भडगावात डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी फुकट मिळतात.

एवढं करूनही सापडलाच तर

होतं असं कधीकधी. सुट्टी आली, प्लेट टाकायची राहिली, सोमवारी उघडली तर सुरकुतलेली कॉलनी. आता निभावून न्या.

पहिली अडचण नावांची. ही मंडळी नावं बदलतात. स्यूडोमोनास माल्टोफिलिया 1983 मध्ये झँथोमोनास झाला, 1993 मध्ये स्टेनोट्रोफोमोनास. त्याला मेरोपेनेम लागू पडत नाही, स्वस्तातलं को-ट्रायमॉक्सॅझोल पडतं. म्हणजे नाव चुकलं तर पेशंट जमीन गहाण ठेवून निरुपयोगी औषध घेतो. फ्लॅव्होबॅक्टेरियम मेनिंगोसेप्टिकमचं 2005 मध्ये एलिझाबेथकिंगिया झालं, एलिझाबेथ किंग या अमेरिकन बाईंच्या नावावरून, ज्यांनी 1959 मध्ये तान्ह्या बाळांच्या मेंदूज्वरातून तो वर्णन केला होता. आणि आपला रंगूनवाला 1992 पर्यंत स्यूडोमोनासच म्हणवत होता.

दुसरी अडचण बिलिंगच्या सॉफ्टवेअरची. जंतूच्या यादीत तो नसणार. 'अदर' निवडा. त्या चौकटीत पुष्कळदा इंग्रजीची वीसच अक्षरं बसतात, तेव्हा बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय लिहिलं की छापून येतं 'बर्कहोल्डेरिया स्यूडोम'. डॉक्टर घाईत शेवटचा शब्द वाचतात, स्यूडोमोनास समजतात आणि जेंटामायसिन लिहितात, म्हणजे नेमकं तेच, जे त्याला चालत नाही. तेव्हा रिपोर्ट काढण्याआधी डॉक्टरांना फोन लावा. ओपीडीत असतील तर कंपाउंडरकडे निरोप ठेवू नका, थांबा आणि परत लावा. नाव पूर्ण सांगा, स्पेलिंग सांगा, कुठली दोन औषधं चालणार नाहीत ते सांगा, आणि प्लेट जपून ठेवली आहे हेही सांगा, कारण जळगावहून किंवा धुळ्याहून ती मागितली जाणार आहे.